खटक्याचा चाकू

माझ्या हातून आजवर जे काही कापलं गेलं आहे त्याची यादी फार लांब नाही. ब्रेड, आंबे, वाढदिवसाचे केक (तेही दुसऱ्याच्या हाताला हात लावून), स्वतःचं बोट आणि खातेदारांच्या खात्यातून एसएमएसचे पैसे. यातली शेवटची गोष्ट खरं म्हणजे संगणक कापतो, पण रक्त निघतं ते काउंटरवर बसलेल्या माणसाचं. असा गृहस्थ वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी रामपुरी चाकू विकत घ्यायला निघाला म्हटल्यावर घरात काय झालं असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. सौ. आधी हसली आणि मग रागावली. एरवी ती फक्त दुसरं करते.

"तुम्हाला चाकू कशाला हवाय आता? घरात पाच आहेत."

हे खरं होतं. पाचांतले दोन सापडतात. त्यातल्या एकाची मूठ हलते आणि दुसऱ्याने टोमॅटो कापला जात नाही, नुसता दाबला जातो. आई गेली, पण तिची विळी राहिली, म्हणून आमच्या घरात दोन वेळा भाजी होते. पण मला चाकू नकोच होता. मला हवा होता सिनेमातला चाकू. या दोहोंत मोठा फरक आहे. घरातला चाकू हवा असतो तेव्हा सापडत नाही आणि सिनेमातला नको असतो तेव्हा निघतो. शिवाय सिनेमातला चाकू वाजतो. खट्! आपल्याकडे त्याला खटक्याचा चाकू म्हणतात ते उगीच नाही. पातं काय, कुणीही लोहार ठोकून देईल. सगळी किंमत त्या खटक्याची.

गंमत म्हणजे हा आवाज मी पहिल्यांदा सिनेमात ऐकला नाही. सिनेमा संपल्यावर ऐकला.

१९८९ सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा होतो. अण्णा, आई आणि मी रात्रीचा खेळ पाहून पैठण गेटाकडून औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या घराकडे पायी चाललो होतो. लाईट गेलेले. रिक्षाला तीन रुपये कशाला द्यायचे, या मुद्द्यावर अण्णा आणि आई यांचं दुर्मिळ एकमत झालेलं. मी पेंगत चाललो होतो. एवढ्यात एका बोळातून एक माणूस बाहेर आला, आमच्या पुढ्यात उभा राहिला आणि अंधारात वाजलं, खट्.

तो काही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. अण्णांनी मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ काढलं, वरच्या खिशातले सतरा रुपये काढले, दोन्ही त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "घ्या, साहेब."

साहेब! अण्णा सरकारी कचेरीत क्लार्क होते. खऱ्या साहेबालासुद्धा ते 'साहेब' म्हणायचे ते जुलाबाचं औषध घेतल्यासारखं तोंड करून. आणि इथे एका लुंगीवाल्याला त्यांनी अगदी मनापासून ती पदवी देऊन टाकली. तो गेला. आम्ही घरी आलो. वाटेत कुणी काही बोललं नाही. दार उघडताना आई फक्त एवढंच म्हणाली, "सकाळी दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगायचंय." या विषयावर आमच्या घरात झालेली तेवढीच चर्चा.

त्या रात्री मी अंथरुणात पडून ठरवलं की आपण मोठं झाल्यावर एक खटक्याचा चाकू घ्यायचा. त्याचं पुढे काय करायचं हे मात्र ठरवायचं राहिलं. ते बहुधा झोप लागल्यामुळे असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी 'वक्त' लागला. यश चोप्रांचा हा १९६५ चा सिनेमा. त्यात राजकुमारसमोर मदन पुरी चाकू काढतो. आमच्या चाळीतली एकूण एक माणसं एका टीव्हीसमोर श्वास धरून बसलेली. मी सगळ्यांत पुढे. आणि राजकुमार काय करतो? काही नाही. पोराच्या हातातली पेन्सिल काढून घ्यावी तसा तो चाकू काढून घेतो आणि त्याला समजावतो की बाबा रे, हा मुलांचा खेळ नव्हे, हात कापला तर रक्त येतं. जणू लसीकरणाला आलेला डॉक्टर! चाळ टाळ्या वाजवत होती. मी मागे वळून अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठून पाणी प्यायला गेले होते.

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत मी पहिली खरेदी केली ती खटक्याच्या चाकूची नव्हे, खटक्याच्या फणीची. खटका दाबला की मुठीतून फणी बाहेर पडायची. लांबून पाहणाऱ्याला चाकू वाटावा आणि जवळ आल्यावर त्याने केस विंचरून घ्यावेत अशी व्यवस्था. आरशासमोर उभा राहून मी ती फणी रोज किमान वीसदा उघडायचो आणि राजकुमारच्या आवाजात स्वतःलाच दम द्यायचो. आईला वाटलं पोराला नीटनेटकेपणाची आवड लागली. महिनाभरात स्प्रिंग गेली. फणी मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकली आणि तिच्यापेक्षा कमी टिकलेले केस आज माझ्या डोक्यावर नाहीत.

मग गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे दिवस आले. एका रात्रीत तीन कॅसेटी. तिसरी सुरू होईपर्यंत निम्मी गल्ली आडवी झालेली असायची, पण रॅम्बो आला की मी टक्क जागा. त्याचा चाकू हा चाकू नव्हताच, तो फिरता संसार होता. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड'साठी अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या जिमी लाईल नावाच्या कारागिराने तो घडवला. पाठीला करवतीचे दाते. मूठ पोकळ. मुठीचं झाकण फिरवून काढलं की त्यात होकायंत्र आणि आत काडेपेटीतल्या काड्या, मासे धरायची दोरी आणि सुईदोरा. सिनेमात त्या सुईदोऱ्याने तो स्वतःचा फाटलेला दंड स्वतः शिवतो. हे पाहून माझ्या अंगावर काटा आला, तो शौर्याने नाही. आमच्या घरात साधं बटण तुटलं तर सुई शोधण्यात अख्खा रविवार जायचा, आणि हा माणूस जंगलात, पाठीवर पोलीस असताना, सुई कुठे ठेवली हे लक्षात ठेवून होता!

त्याच सुमाराला १९८६ चा 'क्रोकोडाईल डंडी' पाहिला. ऑस्ट्रेलियाच्या रानातून न्यूयॉर्कला आलेल्या त्या मगरवाल्याला रात्री पोरं अडवतात. एकजण खटक्याचा चाकू काढतो. डंडी हसतो, याला चाकू म्हणतात होय, अशा चेहऱ्याने पाठीमागे हात घालतो आणि कोयत्याच्या थोरल्या भावासारखा सुरा काढतो. पोरं पळतात. हा प्रसंग मी रिवाइंड करून करून पाहिला. कॅसेटवाल्याने टेपवर पडलेल्या रेघांचे पाच रुपये जादा घेतले.

कारण उघड होतं. पैठण गेट आणि न्यूयॉर्क यांत फरक तो काय? फक्त अण्णांकडे मोठं हत्यार नव्हतं. मग मी विचार करू लागलो की आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं हत्यार कोणतं. उत्तर एकच होतं, विळी. पण विळीची पंचाईत अशी की ती बसल्याशिवाय चालवता येत नाही. अण्णांनी पिशवीतून विळी काढली असती, "जरा थांबा हं" म्हणून रस्त्यात मांडली असती, धोतर आवरून तिच्या पाटावर पाय ठेवून बसले असते आणि मग गुंडाला म्हणाले असते, "हं, आता या." हे हॉलिवूडवाल्यांना जमणारं नाही.

पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि ज्या खिडकीत बसलो तिथे येणाऱ्या प्रत्येकाला 'साहेब' म्हणू लागलो. पेन्शनवाले, पासबुकवाले, कर्जवाले, 'मॅनेजरला बोलवा'वाले. सगळे साहेब. एकदा एका साहेबांनी काउंटरवर मूठ आपटून माझ्या तीर्थरूपांचा उद्धार केला, तेव्हा मी दोन्ही हातांनी त्यांची स्लिप सरळ करत म्हणालो, "बसा साहेब, बघतो." म्हणालो आणि मला एकदम अंधारातला तो 'खट्' ऐकू आला. गेली काही वर्षं हे वरचेवर होऊ लागलं. आता चाकू घ्यायलाच हवा, असं मी मनाशी ठरवलं.

घ्यायचा म्हणजे नकली. मी मूर्ख असलो तरी पेन्शनीत आहे. आणि नकलीत कमीपणा तरी कसला? सिनेमातला चाकू मुळात नकलीच. मारामारीसाठी रबराचा, नाहीतर ॲल्युमिनियमचा. भोसकायचा असला तर पातं मुठीत सरकणारा. हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'मध्ये न्हाणीघरात सुरा चालतो आणि बघणारा आजही दाराची कडी दोनदा तपासून आंघोळीला बसतो. तिथे ऐकू येणारे घाव खरबुजावर घातलेले आहेत आणि वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं पाणी. सिनेमा काळापांढरा असल्यामुळे ते खपून गेलं. थोडक्यात एक फळ, एक मिठाई आणि वर घाबरलेले आपण. तेव्हा सिनेमातल्या चाकूची प्रतिकृती म्हणजे आमच्या बँकेच्या भाषेत खोट्या नोटेची झेरॉक्स. तिच्यावर गुन्हा तरी कोणता दाखल करणार?

आधी रीतसर बाजारात गेलो. शहागंजात एक म्हातारबुवा सायकलवर साण लावून बसतात. सायकल स्टँडवर, पायडल मारायचं, चाक फिरतं, ठिणग्या उडतात. मी त्यांना हळूच विचारलं, "चाचा, रामपुरी मिलेगा क्या किधर?"

चाचांनी पायडल थांबवलं. मला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं.

"कायको होना साब?"

"ऐसेच. पिच्चर में रहता वैसा."

"साब," चाचा म्हणाले, "चालीस साल से धार लगा रा मैं. खाटिक के सुरे लाए, दर्जी की कैंच्या लाए, औरतां के चाकू लाए. पिच्चर का चाकू आज तक एक नै आया."

"क्यों?"

"उससे कुछ कटताच नै ना."

मी खजील होऊन घरचा टोमॅटो दाबणारा चाकू त्यांच्यापुढे केला. तो पिशवीत घालून नेला होता, म्हणजे नुसतंच चौकशीला आलो असं दिसू नये. चाचांनी दहा रुपयांत त्याला असा काही करून दिला की त्या आठवड्यात सौ.चं बोट दोनदा कापलं आणि खटक्याच्या चाकूबद्दलचं तिचं मत आणखी खाली गेलं.

मग वाचन केलं. कॉमर्सचा माणूस खर्च करण्याआधी वाचतो. रामपूर हे उत्तर प्रदेशातलं जुनं नबाबी संस्थान. तिथले कारागीर तलवारी-कट्यारी घडवायचे. बंदुका आल्या आणि तलवारींचं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा त्यांनी हात चाकूवर वळवला. जुन्या रामपुरीचं पातं नऊ ते बारा इंचांचं. हिंदी सिनेमाने तो उचलला आणि पुढे असं झालं की पडद्यावर खट् वाजलं की खलनायकाचं नाव-गाव सांगायची गरजच उरेना. मग नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यावर बंदी घातली आणि चाकूबाजार ओस पडत गेला. आता काय आहे? २०२३ साली रामपूरच्या एका चौकात वीस फुटांचा रामपुरी चाकू उभा केला आहे. आपल्याकडे हे असंच असतं. वस्तू हातातून गेली की चौकात येते.

मग कायदा पाहिला. १९५९ चा शस्त्र कायदा, त्याखालचे नियम. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला परवाना हवा. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेला असेल तर सूट. लगेच चिरंजीवांच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि आईची विळी मोजली. रुंदी सव्वादोन इंच! गेली पन्नास वर्षं आमचं घराणं केवळ 'घरगुती' या एका शब्दाच्या आधारावर तुरुंगाबाहेर होतं. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पट्टी धुऊन ठेवा, कांदा लागलाय तिला."

चिरंजीवांनी मोबाईलवर पाच मिनिटांत चाकू शोधून दिला. 'शोभेची वस्तू, धार नाही, पातं पाच इंच, खटका चालू स्थितीत.' किंमत सातशे एकोणपन्नास. पत्त्याच्या रकान्यात त्याने औरंगाबाद लिहिलं, मोबाईलने ते खोडून छत्रपती संभाजीनगर केलं, कारण शहराचं नाव २०२३ साली बदललं हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. पिनकोड तोच. बटण दाबलं. त्या बटणाचा आवाज झाला नाही, पण माझ्या पोटात झाला.

कारण त्या रात्री मला २०१८ आठवलं. त्या वर्षी मे महिन्यात आमच्या जुन्या शहरात दंगल झाली. दुकानं जळाली, माणसं गेली. आणि महिना संपता संपता पोलिसांनी कुरियरच्या गोदामांतून लोकांनी ऑनलाईन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले. पेपरात टेबलावर ओळीने मांडून ठेवलेल्या त्या तलवारींचे फोटो आले होते. कुणी हौस म्हणून मागवल्या असतील, कुणी भिंतीवर टांगायला आणि कुणी कशाला, ते ज्याचं त्याला माहीत. पण पार्सलवर मागवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोन नंबर छापलेलाच असतो. मी डोळे मिटले की मला ते टेबल दिसे. ओळीने तलवारी आणि शेवटी, एका कोपऱ्यात, माझा पाच इंची. मागे मी, काळा बुरखा घातलेला, आणि खाली ओळ: 'बँक कर्मचाऱ्याकडून रामपुरी जप्त.' वीस वर्षांची नोकरी, ग्रॅच्युइटी, सगळं त्या एका खटक्यावर. सौ. घोरत होती. मी उठून ऑर्डर रद्द करायला गेलो तर मोबाईल म्हणाला, तुमचं पार्सल निघालं आहे, आनंद साजरा करा.

चार दिवस मी शाखेत नीट काम केलं नाही. दाराशी खाकी रंग दिसला की घाम फुटायचा. एकदा तर आमच्याच सिक्युरिटी गार्डला मी उभं राहून नमस्कार केला. तो बिचारा पुढे दोन दिवस मला पाहून सॅल्यूट करत होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर अण्णा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसलेले. वय ऐंशीच्या घरात. मांडीवर फोडलेलं पार्सल. हातात चाकू.

"तुझं काहीतरी आलंय," अण्णा म्हणाले. "ओटीपी मागत होता. तुझ्या मुलाने फोनवरून सांगितला."

मी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी आजोबांकडे पाहिलं. सौ.ने तिघांकडे पाहिलं आणि कुकर लावायला आत गेली. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं हे ठरत नाही ती उचंत खात्यात टाकतात. आम्ही दोघे थोडा वेळ उचंत खात्यात उभे होतो.

अण्णांनी खटका दाबला. खट्. पातं मिटलं. पुन्हा दाबला. खट्.

"त्याचा मोठा होता," अण्णा म्हणाले.

छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षांत या विषयावर त्यांनी तोंडातून काढलेलं हे पहिलं वाक्य. मी चपला न काढताच समोर बसलो.

"तुम्हाला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? घड्याळ माझं गेलं ना. मला वाटत होतं तू झोपेत होतास."

"जागा होतो."

"हं." अण्णांनी पातं बोटाने चाचपून पाहिलं. "याला धार नाही. बरं आहे. त्या घड्याळालाही काही नव्हतं. बंद होतं ते."

"काय?"

"सहा महिने बंद होतं. दुरुस्तीला टाकायचं राहून गेलेलं. नुसतं मनगट ओकं दिसू नये म्हणून बांधायचो. अरे, मला त्या चाकूची भीती वाटलीच नाही. सगळी भीती ही, की याने घड्याळ कानाला लावून पाहू नये. नंतर महिनाभर क्रांती चौकाकडून वळसा घालून कचेरीत जायचो मी. म्हटलं, भेटला आणि घड्याळ परत करायला लागला तर काय तोंड दाखवायचं?"

आतून सौ.च्या हसण्याचा आवाज आला. म्हणजे कुकर लावून झाला होता आणि ती दाराआड उभी होती. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं जे घशात अडकलं होतं ते बाहेर पडलं.

"अण्णा, तुम्ही त्याला साहेब म्हणालात."

अण्णांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी काउंटरवर फॉर्म चुकीचा भरून आणणाऱ्याकडे पाहतो.

"मग काय म्हणायला हवं होतं? नोकरीत तीस वर्षं ज्यांना साहेब म्हणालो त्यातले काही त्याच्याहून वाईट होते. त्याने निदान एकदाच घेतलं." मग जरा थांबून म्हणाले, "एका हातात तू होतास. दुसऱ्या हाताने घड्याळ काढलं, पैसे काढले. मोकळी राहिली ती जीभ. ती जेवढी गोड करता येईल तेवढी केली."

नंतर चिरंजीवांनी मध्येच विचारलं की आजोबा, तुम्ही त्याच्या हातावर लाथ का नाही मारलीत. अण्णांनी त्याला शांतपणे सांगितलं की त्या दिवशी धोतर नवं होतं.

त्या दिवसापासून चाकू अण्णांचा झाला. मी सातशे एकोणपन्नास रुपये दिले हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की ते खुर्चीत बसून खटका वाजवत. निवडणुकीची बातमी, खट्. पेट्रोलचे भाव, खट्. विजेचं बिल हातात आलं की खट्खट्. मी एकदोनदा त्यांच्या नकळत आरशासमोर नेऊन वाजवून पाहिला. राजकुमार काही दिसला नाही, टक्कल दिसलं. सौ.ने एकदा घाईत त्याने दुधाच्या पातेल्याची खरवड काढली आणि निकाल दिला की पाचांपेक्षा हा सहावा कामाचा आहे. अण्णांना ते आवडलं नाही. त्यांनी तो धुऊन, पुसून, पंचाच्या घडीत ठेवला.

पंधराव्या दिवशी स्प्रिंग गेली. पातं बाहेर यायचं, पण गाईने जीभ काढावी तसं, हळू आणि मुकाट्याने. अण्णांचा चेहरा उतरला. दोन दिवस त्यांनी बातम्याही पाहिल्या नाहीत. शेवटी रविवारी मी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि उस्मानपुऱ्यातून निघालो. पैठण गेटाशी वाहनांच्या गर्दीत दहा मिनिटं अडकलो. दुकानांचे दिवे असे झगमगत होते की तिथे कधी अंधार असेल यावर कुणाचा विश्वास बसू नये. अण्णा मागे बसून डावीकडच्या एका बोळाकडे पाहत होते. मग त्यांनी शर्टाची बाही हळूच ओढून घड्याळावर घेतली.

शहागंजात चाचा होतेच. मी पंचाची घडी उलगडून चाकू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला, मग मला पाहिलं, मग अण्णांना पाहिलं आणि बोळक्या तोंडाने हसले.

"आ गया आखिर," ते म्हणाले. "चालीस साल में पैला."

त्यांनी सळईच्या टोकाने काहीतरी उचकटलं, स्प्रिंग वाकवली, तेलाचे दोन थेंब सोडले. मग सवयीने सायकलवर बसून पायडल मारलं, चाक फिरू लागलं, आणि पातं साणेवर टेकवायच्या आधी त्यांनी वर पाहून विचारलं, "धार बी लगा दूं क्या?"

अण्णांनी माझ्या खांद्यावरचा हात उचलून जोरात हलवला.

"नको, नको. नुसता वाजला पाहिजे."